घरी तुम्हीच असता



मी रेडिओलॉजिस्ट आहे. आज मेंदूच्या झटक्याबद्दल बोलणार आहे, आणि मुद्दाम तुम्हा विद्यार्थ्यांशीच. डोंबिवली-कल्याणची कितीतरी कमावती माणसं सकाळच्या लोकलनं मुंबई गाठतात. दुपारी आजोबांचं तोंड अचानक वाकडं झालं, एक हात उचलेना, जीभ अडखळू लागली, तर आईबाबा दादर-फोर्टला असतात. घरी तुम्ही असता.

अशा वेळी कुणी म्हणतं, 'वारं गेलंय, तेलानं चोळा.' कुणी म्हणतं, 'पडू दे जरा, संध्याकाळी बघू.' कुणी घरातली रक्त पातळ करणारी गोळी पुढे करतं. यातलं काहीही करू नका. झटक्यात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद होते, नाहीतर फुटते. बाहेरून माणूस दोन्हींत सारखाच दिसतो. मुरलेल्या डॉक्टरलाही नुसतं तपासून खात्री देता येत नाही. उपचार मात्र उलटे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रक्तस्रावात दिलं, तर ते जिवावर बेतेल. हा निवाडा सीटी स्कॅन काही मिनिटांत करतो. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा असा स्कॅन झाला. ते यंत्र घडवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हते, गाण्यांच्या रेकॉर्डसाठी गाजलेल्या ईएमआय कंपनीतले इंजिनिअर होते. विज्ञान शाखेतल्या मुलांनो, यांच्याविषयी जरूर वाचा.

गुठळी विरघळवणारं ते इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी वाहिनी बंद असेल, तर आम्ही जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी बाहेर ओढतो. स्कॅनमध्ये वाचण्याजोगा भाग दिसला, तर निवडक रुग्णांत हे २४ तासांपर्यंतही करता येतं. म्हणून 'आता उशीर झाला' असं घरीच ठरवू नका.

नळीनं आतून वाहिनी मोकळी करण्याच्या या वाटेची सुरुवात पायापासून झाली. १९६४ साली अमेरिकेत ८२ वर्षांच्या एका बाईंना पाय कापायचा सल्ला मिळाला होता. त्यांनी साफ नकार दिला. चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टनं अरुंद झालेली धमनी आतून नळ्या सरकवून मोकळी केली आणि पाय वाचला. त्या बाईंच्या हट्टाबद्दल मला फार आदर वाटतो.

आता तुमचं काम. घराजवळच्या कोणत्या रुग्णालयात चोवीस तास सीटी स्कॅन आणि झटक्याचे उपचार होतात, हे आजच फोन करून विचारा. कल्याण पूर्वेचं उत्तर वेगळं, घोडबंदर रोडचं वेगळं; कोणत्या पुलावर किती वाजता गाड्या अडकतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. प्रसंग आलाच तर १०८ लावा. आजोबा शेवटचे नीट बोलताना किती वाजता दिसले, ते लिहून ठेवा. आम्ही आधी तेच विचारतो. त्यांच्या गोळ्यांची पिशवीही बरोबर आणा. रक्त पातळ करणारी गोळी रोज चालू असेल, तर इंजेक्शनचा निर्णय बदलू शकतो.