गुडघ्यातला मांडव

हातातलं काम थांबवू नका. कोळंबी सोलता सोलता ऐकलंत तरी चालेल. आजच्या गोष्टीत कोळंबीची टरफलं येणारच आहेत.

आमच्या बचत गटात एक मावशी आहे. तीस वर्षं तिने डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली. आता गुडघे असे झालेत की उकिडवी बसली तर उठवायला दोघीजणी लागतात. दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात तिला सांगितलं, "गुडघ्यातलं वंगण कमी झालंय, जेलचं इंजेक्शन घ्या." चौदा हजार गेले. तीन महिने बरं वाटलं, मग पुन्हा पहिले दिवस. यंदा गावाजवळ हाडांच्या फुकट तपासणीचं शिबिर झालं. तिथल्या माणसाने मोबाइलवर चित्रं दाखवली. सुईतून जेल आत जातं, त्याची जाळी होते, जाळीवर नवी गादी उगवते. खर्च दीड लाख. मावशी कर्ज मागायला गटाच्या बैठकीत आली.

आमच्यात दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, सरळ फसवणूक आहे. मावशी चिडली. "तुमचे गुडघे चालतात म्हणून तुम्हाला हिशेब सुचतो," म्हणाली. ते आम्हाला लागलं. म्हणून आम्ही ठरवलं, आधी नीट माहिती काढायची, मग हो की नाही बोलायचं.

माहिती काढली तेव्हा कळलं की जाळीची गोष्ट खोटी नाही. आपण पडवळ, कारलं लावतो, त्याला मांडव घालतो. मांडव काही कारली देत नाही. वेल चढायला आधार देतो, एवढंच. शरीरातल्या पेशींचंही तसंच. हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत गादीला, कूर्चेला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. म्हणून तिथे खड्डा पडला की तो हातावरच्या जखमेसारखा आपोआप भरून येत नाही. तिथे पेशींना धरायला आधार द्यायचा, त्यांनी वाढून जागा भरायची आणि मांडव हळूहळू विरघळून जायचा, असा हा विचार. आधार पातळ असला तर सुईतून घालता येतो आणि आत गेल्यावर घट्ट होतो.

हे काम आपल्या महाराष्ट्रातही झालंय. रिग्रो बायोसायन्सेस या कंपनीच्या पद्धतीला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी 2017 मध्ये परवानगी दिली. तिची प्रयोगशाळा लोणावळ्याला. रुग्णाच्याच कूर्चेचा छोटा तुकडा काढतात, प्रयोगशाळेत काही आठवडे त्या पेशी वाढवतात, आणि फायब्रिनच्या जेलमध्ये मिसळून खड्ड्यात भरतात. फायब्रिन म्हणजे बोट कापलं की रक्त गोठवणारे धागे. म्हणजे एकदा पेशी काढायला आणि एकदा घालायला, असं दोनदा टेबलावर जावं लागतं. शिबिरातला माणूस म्हणत होता, एक सुई आणि संध्याकाळी घरी.

आता कोळंबी. टरफलातला चुना आम्लाने काढतात, मांसाचा अंश क्षाराने काढतात, उरतं ते कायटिन. त्यावर आणखी तीव्र क्षाराची प्रक्रिया केली की कायटोसान मिळतं. रक्तपेशी त्याला चिकटतात, म्हणून रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्ट्या त्याच्या करतात. अहमदाबादच्या अॅक्सिओ कंपनीची पट्टी अशीच आहे. कॅनडात माँट्रियलच्या शास्त्रज्ञांनी कायटोसानमध्ये एक क्षार मिसळून असं द्रावण केलं, की ते बाहेर पातळ राहतं आणि अंगाच्या उबेने घट्ट होतं. त्यावरूनच पुढे गुडघ्याच्या खड्ड्यासाठीचं औषध निघालं. रुग्णाचं ताजं रक्त त्यात मिसळून ते खड्ड्यात भरतात.

हे वाचून दाखवलं तेव्हा मावशी म्हणाली, "म्हणजे मी रोज उकिरड्यावर टाकते तेच मला लाखाला विकतायत की काय?" हसून पुरेवाट झाली. (कुणी टरफलं वाटून जखमेवर मात्र लावू नका. जखम चिघळेल.)

हसू ओसरल्यावर पुढचं वाचलं, आणि महत्त्वाचं तेच होतं. या कायटोसानची चाचणी कॅनडा, स्पेन आणि दक्षिण कोरियात 80 जणांवर झाली. वय 18 ते 55, आणि प्रत्येकाच्या गुडघ्यात एकच ठरावीक खड्डा. अर्ध्यांना नुसतं हाडाला बारीक भोकं पाडण्याचं नेहमीचं ऑपरेशन, अर्ध्यांना त्यावर हे जेल. वर्षभराने स्कॅन काढले तर जेलवाल्यांचा खड्डा जास्त चांगला भरलेला होता. पण दुखणं दोन्हीकडे सारखंच कमी झालं होतं. चित्रात खड्डा भरलेला दिसणं वेगळं आणि जिना चढता येणं वेगळं, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

मावशीचं वय 58. आम्ही तिला सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी उभं करून एक्स-रे काढला आणि उजेडावर धरून दाखवला. दोन्ही गुडघ्यांत हाडाला हाड लागलेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "एखादा खड्डा असता तर विचार केला असता. इथे सगळी जमीनच धुपली आहे." मांडव घालायला जमीन तर हवी ना.

आधी घेतलेल्या जेलचंही आम्ही विचारलं. तो मांडव नव्हताच. ते हायलुरॉनिक अॅसिड, नुसतं वंगण. पूर्वी ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायचे. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक संस्थेने 2022 मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी ते देऊ नका असं सांगितलंय. नाव दोन्हींचं जेल, म्हणून घोटाळा होतो. आमचाही झाला होता.

तेव्हा कुणी असं काही सुचवलं तर आमच्यासारखं विचारा. हे वंगण आहे की गादी वाढवणारं? माझ्या गुडघ्यात एक खड्डा आहे की सगळी झीज? औषधाला केंद्राची परवानगी आहे का, आणि कुठल्या दुखण्यासाठी? प्रयोग म्हणून देत असतील तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. ही नोंदणी 2009 पासून सक्तीची आहे. उत्तर कागदावर लिहून मागा. शिबिरातल्या माणसाकडे आम्ही मागितलं, तर त्याने आमचा फोन उचलणंच बंद केलं.

दीड लाखाचं कर्ज आम्ही दिलं नाही. उंच स्टूल आणि मासळीसाठी फळी घ्यायला दोन हजार दिले. आता मावशी बाजारात उकिडवी बसत नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायचा व्यायाम डॉक्टरबाईंनी शिकवलाय, तो सकाळ-संध्याकाळ करते. दुखणं गेलेलं नाही. पण स्टेशनचा जिना कठडा धरून एकटी चढते. सांधा बदलायचं ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, ते विचारायला आम्ही तिला घेऊन पुढच्या मंगळवारी आरोग्यमित्रांकडे जाणार आहोत. काय कळेल ते पुढच्या वेळी सांगू.