बैठ्या नोकरीचे मुके दुखणे
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आरोग्यावर बोलण्यास कार्यकारिणीने एखाद्या डॉक्टरास न बोलावता माझ्यासारख्या सेवानिवृत्त कारकुनास उभे केले, याचे आपणांपैकी अनेकांस नवल वाटले असेल. या विषयातील माझा अधिकार एवढाच की, चौतीस वर्षे कचेरीच्या खुर्चीत बसून जे दुखणे जडते ते मला जडले आहे, आणि ते आवरण्याची संधी मी दोन वेळा दवडली आहे.

आपल्या जिल्ह्यातील घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या एकच आकांक्षा जोपासली गेली, ती म्हणजे मुलाला खुर्ची मिळावी. आर्वी, देवळी, हिंगणघाटकडील कास्तकार बापाने कपाशीच्या तासात कंबर वाकविली ती याचसाठी. मुलाला खुर्ची मिळाली, हे चांगलेच झाले. परंतु बापाची भूक मुलाने जशीच्या तशी ठेविली. किंबहुना ज्वारीची भाकर मागे पडून गहू-तांदूळ पुढे आले, साखरेचा चहा दिवसातून पाच वेळा आला, आणि टेबलाच्या खणात खर्ऱ्याची पुडी आली. गेले ते केवळ श्रम. वधू-वर परिचयाची पुस्तिका हाती पडताच आपण प्रथम ‘शासकीय नोकरी’ हे शब्द शोधतो. मीही माझ्या मुलीसाठी तेच शोधले होते, म्हणून कोणास दोष देत नाही.

बसण्याने हृदयावर परिणाम होतो ही कल्पना काही नवी नव्हे. लंडन येथील डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली तेथील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसलेला, वाहक दिवसभर जिना चढणारा-उतरणारा. गाडी एकच, परंतु हृदयविकार वाहकांत कमी आढळला. टपाल वाटणारे पोस्टमन आणि टपालखात्यातील बैठे कारकून यांच्यातही तोच फरक दिसला. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या कंबरा मुळातच अधिक रुंद असल्याचे आढळले. म्हणजे सगळा दोष आसनावर टाकता येत नाही. तरीही नंतरच्या अनेक संशोधनांनी श्रमाचे महत्त्व पक्के केले आहे.

“मी तर सडपातळ आहे, मला काय होणार?” असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी येथून जवळच असलेल्या सेवाग्रामकडे पाहावे. महात्माजी १९३६ साली तेथे राहावयास आले. त्यांचे वजन सुमारे ४७ किलो, आहार मोजका, चालणे नित्याचे. तथापि त्यांच्या आरोग्याच्या ज्या नोंदी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ साली प्रसिद्ध केल्या, त्यांत १९३७ साली त्यांचा रक्तदाब १९४/१३० आणि १९४० साली २२०/११० आढळल्याचे नमूद आहे. असा संयमी पुरुष यातून सुटला नाही, तेथे आपण केवळ अंगकाठीच्या भरवशावर राहणे धाडसाचे होय. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचे आणि एका इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे. परंतु इंग्रजाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आपली हाडे बारीक, स्नायू थोडे आणि चरबी पोटाशी, अशी ही ठेवण. मधुमेह तेथूनच डोकावतो. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याच्या फितीवर अधिक विश्वास ठेवावा. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या पुढे गेली की सावध व्हावे. ज्या भगिनींना गरोदरपणी साखर वाढली होती, त्यांनी तर पुढेही नियमाने तपासणी करावी.

आता माझी हकीकत. आमच्या कचेरीत एकदा रक्तदाब तपासणीचे शिबिर झाले. मार्चअखेरीचे हिशेब होते. मी उठलो नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरील स्नेहीही उठले नाहीत. पुढल्याच वर्षी, एक्कावन्नाव्या वर्षी, ते नस्तीवर सही करीत असताना कोसळले. उजव्या अंगाला लकवा, लिहिण्याचा हात गेला. रुग्णालयात त्यांचा रक्तदाब मोजला, तो आयुष्यात पहिल्यांदा. भीतीने मीही गेलो. १७०/१०० निघाला. गोळी सुरू झाली, तीन महिन्यांत आकडा खाली आला, आणि प्रकृती उत्तम वाटू लागल्याने मी गोळी बंद केली! डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग औषध कशाला, हा माझा हिशेब. आकडा गोळीमुळेच खाली आला होता, एवढे साधे गणित जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाला सुचले नाही. सहा वर्षांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत दाब १९० च्या वर निघाला आणि रक्ताच्या चाचणीत मूत्रपिंडे अशक्त झाल्याचे कळले. वाढलेला दाब मूत्रपिंडातील केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या निबर करून टाकतो, आणि हे सारे विनावेदना चालते. निवृत्तीच्या वेळी माझ्या खात्यावर ३०० दिवसांची अर्जित रजा शिल्लक होती, आणि तिचा मला मोठा अभिमान होता.

औषधाची सोय दूर आहे असेही नाही. रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या सुमारास सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातून आरंभी घेतलेल्या जिल्ह्यांत आपला वर्धा जिल्हा होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाब मोजून गोळ्या देणे हाच त्याचा गाभा. बाकी उपाय आपणांस ठाऊक आहेत: आठवड्यात किमान १५० मिनिटे झपाट्याने चालणे, दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत, खर्रा आणि विडी पूर्ण बंद. नागपूरला रोज अप-डाऊन करणाऱ्यांनी स्थानकापर्यंत तरी पायी जावे.

असो. कार्यकारिणीने माझी एक विनंती मान्य केली आहे. सभागृहाच्या उजव्या अंगास आपल्या समाजातील दोन परिचारिका भगिनी रक्तदाबमापक घेऊन बसल्या आहेत. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा व खर्रा घेऊ नये, पाच मिनिटे स्वस्थ बसावे, हात टेबलावर टेकवावा आणि बोलू नये. आकडा १४०/९० किंवा त्याहून अधिक आला तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून डॉक्टरांस दाखवावा. आकड्याची चिठ्ठी आपल्याच हाती मिळेल, मंडळाच्या वहीत नोंद होणार नाही. भोजनास अजून पाऊण तास अवकाश आहे. पहिला क्रमांक मी माझा लावला आहे. दुसरा अध्यक्ष महोदयांचा आहे, आणि हे त्यांना आताच कळत आहे.