आधी वस्त्र, मग उपदेश
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा सारांश)



पटाचारेची कथा आपण वर्षावासात ऐकतो. पती, दोन लेकरं, आईबाप, भाऊ, सारेच गमावून ती भान हरपून उघडी फिरत होती. लोक तिला वेडी म्हणून हाकलत. जेतवनातही तिला अडवू लागले. तथागतांनी मात्र तिला जवळ येऊ दिले, बहीण म्हणून हाक मारली. कुणीतरी अंगावर वस्त्र टाकले. आधी वस्त्र, मग उपदेश. हा क्रम ध्यानात घ्या.

आज वस्तीत एखाद्याचं मन बिघडलं, तो आरडाओरड करू लागला, की आपण दारं लावतो. म्हणतो, “पोलिसाले फोन लावा, घेऊन जातीन!” वर्दी पाहून घाबरलेला माणूस आणखीच बिथरतो. तो गुन्हेगार नाही, आजारी आहे.

कायदाही हेच सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० प्रमाणे पोलिसांना अशा माणसाला कोठडीत डांबता येत नाही. २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते. आपल्या नागपुरात तर १८६४ पासून मनोरुग्णालय आहे. अडचण आहे ती घरापासून तिथवर पोचण्याची.

ही वाट गावकरीच सोपी करू शकतात. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरचे कार्यकर्ते शिकवून उभे केले. दीड वर्षात नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले.

मग आपला विहार मागे का? माझी सूचना साधी आहे. महिला मंडळ व तरुणांतून पाच जण निवडा. हाक आली की दोघांनी जावं. गर्दी हटवावी, हळू बोलावं, बांधू नये, मारू नये. अंगाऱ्या-धुपाऱ्यात वेळ घालवू नये. १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर सल्ला घ्यावा. तो फलकावर ठळक लिहावा. ऑटो करून दवाखान्यात सोबत जावं. हाती शस्त्र असेल, जिवाला धोका असेल, तर ११२ ला फोन करावाच. पण “माणूस आजारी आहे” हे आधी सांगावं. आणि घरी परतल्यावर त्याला वंदनेला बोलवावं, वेडा म्हणू नये.

करुणा केवळ गाथेत नको, गल्लीत दिसावी.

भवतु सब्ब मंगलम्! जयभीम!