घोरणे, श्वास आणि हृदय



महोत्सव निधीतून झोपेत लावावयाची श्वासयंत्रे विकत घ्यावीत आणि गरजू कुटुंबांस वापरावयास द्यावीत, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली आहे. सूचनेत ‘हृदयविकार टाळण्यासाठी’ असे शब्द आहेत. आम्ही डॉक्टर नव्हे, शाळामास्तर. पण विज्ञान शिकवितो म्हणून ह्या शब्दांची शहानिशा करून सांगावी, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे.

घोरणाऱ्याची आपल्याकडे थट्टाच व्हावयाची. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे, तो उभ्याउभ्या झोपतो. वाचक हसतात. १९५६ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी त्याच कादंबरीवरून एका आजारास नाव दिले, तेव्हा ह्या हसण्यामागे दुखणे आहे हे पुष्कळांच्या ध्यानी आले.

सर्वच घोरणारे रोगी नसतात, हे आधी सांगितले पाहिजे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा श्वासमार्ग मुळातच अरुंद असतो, काहींच्या मानेभोवती चरबी साठलेली असते. अशा माणसाचा घसा झोपेत मिटतो. छाती हलते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद वा अधिक वेळ असे झाले म्हणजे त्यास श्वासरोध म्हणतात. डॉक्टरमंडळी स्लीप ॲप्निया म्हणतात. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून माणसास अर्धवट जागे करतो, मोठा घुरका येतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी त्याला ह्यातले काही आठवत नाही. पूर्ण व अर्धवट अडथळे मिळून तासाला पाचाच्या आत असतील तर चिंता नाही. तिसांवर गेले की आजार तीव्र समजतात.

आता हृदयाकडे वळू. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री उतरतो. हृदयाला तेवढीच विश्रांती. श्वासरोधाच्या रोग्यास ती मिळत नाही. दर अडथळ्यागणिक शरीर संकट आल्यासारखे वागते, रक्तदाब उसळतो आणि बंद घशाविरुद्ध हवा ओढताना छातीतील दाब घसरून हृदयावर ताण पडतो. अशा रोग्यांत उच्च रक्तदाब आणि हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता अधिक आढळते. गोळ्या घेऊनही ज्यांचा रक्तदाब हटत नाही, त्यांच्या झोपेची चौकशी अवश्य व्हावी.

पूर्वी ह्यावर गळ्याला भोक पाडण्यावाचून खात्रीचा इलाज नव्हता. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन ह्यांनी पाच रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला: नाकावाटे सतत हवेचा दाब द्यावयाचा, म्हणजे घसा मिटत नाही. हेच ते सीपॅप यंत्र. कल्पना सायकलच्या ट्यूबइतकी साधी आहे!

आणि हृदयविकार टळतो काय? येथे आम्हांस थोडा विरस करावा लागणार. आधीच हृदयविकार वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ रोग्यांवरील एक मोठी चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. ती सात देशांत झाली, त्यांत भारतही होता. यंत्र मिळालेल्यांत हृदयविकार वा पक्षाघात कमी झाला नाही. घोरणे थांबले, दिवसाची पेंग गेली, मन हलके झाले, हे मात्र खरे. पण यंत्राचा सरासरी वापर रात्री अवघा ३.३ तास होता. पुढे २०२३ साली तीन चाचण्यांतील ४,१८६ जणांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा चार तास वा अधिक वापरणाऱ्यांत धोका सुमारे तीस टक्के कमी दिसला. तरी नेमाने मुखवटा लावणारा माणूस गोळ्याही नेमानेच घेत असणार, म्हणून सारे श्रेय यंत्रास देणे आम्हांस धाडसाचे वाटते. रक्तदाब सरासरी दोन-तीन अंशांनीच उतरतो.

तेव्हा सूचनेतील ते दोन शब्द गाळावेत. यंत्रे मात्र जरूर घ्यावीत. रात्रपाळीहून मोटार हाकीत येणाऱ्या माणसाची पेंग जाणे, ही काय लहान गोष्ट आहे? मात्र अंदाजाने यंत्र कोणास देऊ नये. काहींचा श्वास घशामुळे नव्हे, तर मेंदूचा हुकूमच न आल्यामुळे थांबतो. हृदय अशक्त झालेल्या अशा रोग्यांस निराळ्या जातीचे यंत्र दिले असता मृत्यू वाढले, असे २०१५ साली आढळले. म्हणून पैसा आधी तपासणीवर खर्चावा. आता पुष्कळांची तपासणी घरीच एका रात्रीत होते. बोटाला, नाकाला व छातीला तारा लावतात. मुखवटा ज्याचा त्याला नवा द्यावा आणि हवेचा दाब डॉक्टरने ठरवावा. वजन उतरविण्यासही मदत करावी. दहा टक्के वजन घटले तर अडथळे सुमारे चतुर्थांशाने कमी होतात, असे विस्कॉन्सिनच्या पाहणीत २००० साली दिसले. दारू व झोपेच्या गोळ्यांनी घसा अधिकच सैल पडतो.

यंत्र तासांची नोंद आपणच ठेवते. ती दरमहा पाहावी. कोणी कपाटात ठेवले असेल तर रागावू नये, मुखवटा टोचतो काय ते विचारावे. आमच्या घरांत रमजानात सहरीला उठल्यावर पुन्हा मुखवटा लावण्याचा कंटाळा होतो, हेही ध्यानी असावे.

आणि एक. अर्जात एक रकाना असा ठेवावा, की जो अर्जदाराने नव्हे, तर त्याच खोलीत निजणाऱ्या माणसाने भरावयाचा. रात्री श्वास थांबलेला तिनेच ऐकलेला असतो.