काळ्या मातीच्या थरांचं माप

पुण्याजवळच्या लोणी काळभोरच्या शिवारातली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. बेसाल्ट झिजून झालेल्या अशा मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे थराथरांचं खनिज असतं. एका थरापासून पुढच्या थरापर्यंतचं अंतर कसं मोजायचं? चिकणमातीचा बारीक अंश काचपट्टीवर वाळवून त्यावर १.५४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे क्ष-किरण सोडतात. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग! परत आलेल्या किरणांच्या आलेखात साधारण ५.९ अंशांपाशी शिखर दिसतं. हा कोन किरण थराशी करतात त्या कोनाच्या दुप्पट असतो, तो निम्मा करायचा. विद्यार्थी हमखास इथंच चुकतात. २.९५ अंशांचा साइन ०.०५१५. त्याच्या दुपटीनं १.५४ला भागलं की अंतर येतं सुमारे १५ अँगस्ट्रॉम. हे सूत्र लॉरेन्स ब्रॅग यांचं, १९१२ सालचं. त्याच पट्टीला ग्लायकॉल या द्रवाची वाफ दिली, की शिखर ५.२ अंशांकडे सरकतं आणि अंतर होतं १७. पावसात पाणीही असंच थरांमध्ये शिरतं.