समांतर धावपट्ट्या: मधलं अंतर नक्की कोण राखतं?

आज विषय आपल्या पनवेलच्या उशाशीच आहे. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली. सुरुवात एका धावपट्टीने झाली; दुसरी तिला समांतर, १५५० मीटरवर व्हायची आहे. परवा आईने विचारलं, "अरे, दोन विमानं शेजारी-शेजारी उतरताना आपटणार नाहीत का?"

प्रश्न रास्त आहे. मुंबईच्या जुन्या विमानतळावर धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे असं शेजारी उतरणं आपण पाहिलेलंच नाही.

तर होतं असं. दोन्ही विमानं आपापल्या पट्टीच्या रेषेत येईपर्यंत एकाला दुसऱ्यापेक्षा किमान १००० फूट वर ठेवतात. रेषा पक्की पकडली की मग दोघं बरोबरीने उतरू शकतात. दोन रेषांच्या मध्ये किमान ६१० मीटर रुंदीचा एक पट्टा असतो, त्यात कुणीही शिरायचं नाही. रडारवर माणूस फक्त तेवढंच बघत बसलेला असतो. एक विमान भरकटून त्या पट्ट्यात शिरलं, तर तो दुसऱ्याला, म्हणजे ज्याची काही चूक नाही त्याला, ताबडतोब वळवून बाजूला काढतो.

म्हणजे मीटर पुरेसे असले की झालं? नाही ना. जानेवारी २०२२, बंगळुरू. तिथेही समांतर धावपट्ट्या आहेत. सकाळी उत्तरेकडची पट्टी उड्डाणांसाठी, दक्षिणेकडची उतरण्यासाठी चालू होती. मग ठरलं, दक्षिणेकडची बंद करून सगळं उत्तरेकडून करायचं. पण हे दक्षिणेच्या टॉवर कंट्रोलरला कुणी सांगितलंच नाही. दोघांनीही उड्डाणाची परवानगी दिली. इंडिगोची दोन विमानं हवेत गेली आणि एकमेकांच्या दिशेने यायला लागली. दोन्हींत मिळून ४२६ माणसं. रडारवरच्या कंट्रोलरने वेळेत पाहिलं, दोघांना वेगवेगळ्या दिशांना वळवलं, म्हणून निभावलं.

इथे यंत्र बिघडलं नव्हतं, अंतरही कमी नव्हतं. एक निरोप पोचला नव्हता, बस्स.

मी सॉफ्टवेअरवाला. रात्रपाळीत एकदा मी एक सर्व्हर बंद केला आणि सकाळच्या माणसाला सांगायचं विसरलो. त्याने सगळं काम त्याच सर्व्हरवर वळवलं. आमची वेबसाइट तासभर बंद पडली, लोक चिडले, मी माफी मागितली, संपलं. आकाशात असा तासभर कुणाला मिळत नाही.

म्हणून दुसरी पट्टी सुरू होईल तेव्हा १५५० मीटरचं कौतुक जरूर करूया. पण एक प्रश्नही विचारूया: पट्टी बंद केली, तर ते सगळ्यांना एकाच क्षणी कळतं का? आईला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे घरासारखंच की. गॅस बंद केलास तर सांगत जा."

भेटू पुढच्या भागात.