बरगड्या दिसणारच
(रेडिओवरील भाषण)



चेन्नईत बेसंटनगरच्या किनाऱ्यावर चिप्पिपाराई कुत्रा फिरवणाऱ्याला एक प्रश्न चुकत नाही: याला खायला घालत नाही का? विचारणाऱ्याचंही चुकत नाही म्हणा. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात, कंबरेची हाडं वर आलेली, पोट आत गेलेलं. आपल्या डोळ्यांना लॅब्राडोरची सवय. पण हा कुत्रा उपाशी नसतो. त्याची ठेवणच तशी.

तमिळनाडूच्या दक्षिणेकडचा विरुदुनगर-तूत्तुकुडीचा कोरडवाहू पट्टा हा त्याचा मुलूख. तिथल्या उघड्या माळावर सशामागे पळायचं हे त्याचं काम. नर खांद्याशी साधारण ६३ सेंटिमीटर भरतो. काळ्या अंगावर तांबूस ठिपके असतील तर त्याला कन्नी म्हणतात. रानडुकरावर सोडायचा तो राजापालयम. तो अंगाने भारदस्त, ६५ ते ७५ सेंटिमीटरपर्यंत जाणारा.

ही उंची मोजायची पद्धत साधी आहे, पण हमखास चुकते ती मान वर असताना मोजल्यामुळे. कुत्रा सपाट फरशीवर चारही पायांवर सरळ उभा करायचा, डोकं त्याचं त्याला धरू द्यायचं आणि मापकाठीची आडवी पट्टी खांद्याच्या उंचवट्यावर अलगद टेकवायची. डोकं धरायचंच नाही. मग बघायची छाती. ती रुंद नको, खोल हवी. रुंद छाती धावताना कोपरांच्या आड येते.

आपल्याकडचा कारवान, म्हणजेच मुधोळ, याच घडणीचा. नर ६८ ते ७२ सेंटिमीटर. मुधोळच्या घोरपडे राजांनी तो जोपासला. देशी कुत्र्यांवर सोमण नावाच्या लेखकाने १९६३ साली मुंबईहून इंग्रजीत पुस्तक काढलं होतं. थिओडोर भास्करन यांनी त्याच विषयावर २०१७ साली लिहिलं. हे भास्करन टपाल खात्यातून तमिळनाडूचे मुख्य पोस्टमास्तर जनरल म्हणून निवृत्त झाले. त्याच खात्याने पुढे २००५ साली राजापालयम आणि मुधोळ तिकिटांवर छापले.

स्पेनमधला गाल्गो कुत्रा या सगळ्यांचा लांबचा जोडीदार शोभेल. नर ६२ ते ७० सेंटिमीटर, काम सशाचंच. त्याच्या जातीच्या नियमांत एक गंमत आहे: छाती खोल हवी, पण कोपरापर्यंत पोचता कामा नये. इंग्रजी ग्रेहाउंडची छाती त्याहून खोल. तो थोड्या अंतरात सगळा दम ओततो. गाल्गोला खडकाळ रानात बराच वेळ पळायचं असतं. स्पेनमध्ये गाल्गोने सशाचा पाठलाग करणं आजही कायद्याने चालतं, त्यामुळे ही मापं अजून रानात तपासली जातात.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. पण कुत्र्याची परीक्षा घेणारं रान गेलं. उरला प्रदर्शनाचा चौक आणि उरली मापाची फीत. फितीला दम मोजता येत नाही, ऐकू येतं की नाही हे तर मुळीच नाही. राजापालयमचंच बघा. लोकांना तो शुभ्र हवा आणि नाक गुलाबी हवं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तसेच जोड लावले गेले. आतल्या कानाला नीट काम करायला रंगद्रव्याच्या पेशी लागतात. त्या नसल्या की पिल्लू बहिरं निघतं, आणि राजापालयममध्ये बहिरी पिल्लं होतात हे पाळणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. उंची बरोबर, छाती बरोबर, शेपटीचा बाक बरोबर, फक्त हाक ऐकू येत नाही! डुकराच्या मागे असा कुत्रा सोडणारा मालक पूर्वी फार दिवस कुत्रेवाला राहिला नसता.

म्हणून कोणी राजापालयमचं पिल्लू घ्यायला निघाला असेल, तर फीत नंतर काढा. पिल्लू पाठमोरं असताना, भावंडांपासून वेगळं ठेवून, टाळी वाजवा. हात दिसू देऊ नका आणि वारा लागेल इतक्या जवळ जाऊ नका. बहिरं पिल्लू वाऱ्यानेही वळतं. एकाच कानाने ऐकणारं पिल्लू मात्र या टाळीला फसवू शकतं. तेवढ्यासाठी पशुवैद्याकडून कानांची वेगळी तपासणी करून घ्यावी लागते.